हात वर करून

आत्या: सावकाश, मिस्त्री. त्या बाकावर बसून लोकांनी पूल मंजूर केलाय. जरा मानानं उतरवा त्याला.

मिस्त्री: मानानं उतरवायला आधी ते उतरायला हवं ना, चिटणीसबाई. पेच पार गंजलेत. आणि पूल या बाकानं नाही मंजूर केला. पुढच्या चारही रांगा विरुद्ध होत्या. मागच्यांनी केला.

आत्या: हे तुम्ही मला सांगताय? मी मोजलेत ते हात. एकशे अठ्ठ्याण्णव विरुद्ध एकशे साठ. चौतीस वर्षं झाली.

मिस्त्री: काल काय जेवलात ते विचारलं तर आठवायचं नाही तुम्हाला.

आत्या: जेवणाची नोंद ठेवायला मला कुणी नेमलं नव्हतं. हात मोजायला नेमलं होतं. एकतीस वर्षं या सभागृहात उभं राहून गावाचे हात मोजलेत. वर्षातून एकच रविवार, पण अख्खं गाव इथं लोटायचं. बेकरीवाला भट्टी सोडून यायचा, भुवयांवर पीठ तसंच.

मिस्त्री: आणि पोस्टमनची आई. दोन्ही हात वर करायची.

आत्या: दर वेळी! मी म्हणायची, आजी, एकच हात. तर म्हणायची, दुसरा आमच्या ह्यांचा आहे. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झालेली.

मिस्त्री: मोजायचात का मग?

आत्या: एकच मोजायची. पण दोन्ही वर ठेवू द्यायची. कुणाचं काय बिघडत होतं?

मिस्त्री: चौकातल्या घड्याळाला कुठला रंग द्यायचा, यावर तीन तास भांडलो होतो आपण. हिरवा की करडा.

आत्या: हिरवा. बाराच मतांनी. हरलेल्यांतला एक जण पुढं वर्षभर घड्याळाकडे न बघता चालायचा, गाडी चुकली तरी चालेल म्हणून. हसू नका, पेचकस निसटेल.

मिस्त्री: गेले ते दिवस.

आत्या: गेले कुठं, घालवले. बारा वर्षांपूर्वी ठरवलं, गाव वाढलंय, माणसं मावत नाहीत, आता निवडून दिलेले अकरा जण काय ते बघतील. मावत नव्हती हे खरं आहे म्हणा. शेवटच्या सभेला माणसं खिडक्यांत बसली होती, आणि मला बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन हात मोजावे लागले. आता या जागेत दफ्तर येणार. कपाटं, फायली आणि पंखा. तुम्ही बाकं काढा, मी नोंदवह्या बांधते.

मिस्त्री: त्या अकरांत तुमची भाची आहे, विसरू नका.

भाची: आत्या! इथं आहेस होय. घरी दोनदा दार वाजवून आले मी.

मिस्त्री: या, सभासदबाई. खाली बघून या, पेच सांडलेत.

भाची: काका, तुम्ही तरी मला सभासदबाई म्हणू नका. माझा पाळणा तुम्ही केलाय.

मिस्त्री: म्हणून तर म्हणतो. माझ्या पाळण्यातली पोरगी निवडून आली, तेवढंच आम्हाला मिरवायला.

आत्या: तोंड का असं उतरलंय? जेवलीस का?

भाची: जेवण जात नाहीये. परवा अकरा वाजता बैठक आहे. टेकडीवरची शाळा रिकामी करायची आणि मुलांना पुलापलीकडच्या शाळेत पाठवायचं, असा ठराव आहे.

मिस्त्री: तू तर घरोघर जाऊन सांगितलं होतंस की शाळा हलू देणार नाही. माझ्या दारातही सांगितलंस.

भाची: सांगितलं होतं. सहाशे बारा मतं मिळाली त्यावर. पण तेव्हा इंजिनिअरचा अहवाल आला नव्हता, काका. मागची भिंत कलत चाललीय. पायाखालून पाणी जातंय. सुट्टी संपायच्या आत इमारत रिकामी करा, असं स्वच्छ लिहिलंय त्यात.

आत्या: वाचलास तू तो?

भाची: तीनदा. चाळीस पानं आहेत. मग त्यांना घेऊन शाळेत गेले. त्यांनी दाखवलं, मी पाहिलं.

आत्या: मग तुझं मत काय झालं?

भाची: तेच सांगायला आलेय. मी एक मार्ग काढलाय. आणि तो तुला आवडणार, मला खात्री आहे. मी बैठकीत म्हणणार, हा निर्णय आपण अकरांनी घ्यायचाच नाही. गावाला विचारू. महिन्याभरात जनमत घेऊ. चार ठिकाणी पेट्या ठेवू, चिठ्ठीवर हो किंवा नाही. जे निघेल ते आम्हाला मान्य. तू लहानपणापासून हेच सांगत आलीस ना, की लोकांना विचारा म्हणून?

आत्या: मी तुझं मत विचारलं, चिमणे. मार्ग नाही विचारला.

भाची: माझं मत... रिकामी करावी.

आत्या: आणि हे तू आणखी कुणाला सांगितलंयस?

भाची: तुम्हा दोघांना. आत्ताच.

आत्या: म्हणजे ज्यांनी सहाशे बारा चिठ्ठ्या टाकल्या त्यांना नाही.

भाची: कसं सांगू? गवंडीकाका परवा बाजारात सगळ्यांसमोर म्हणाले, आमच्या सभासदबाई आहेत तोवर त्या भिंतीला कुणी बोट लावत नाही. ती भिंत त्यांच्या वडिलांनी बांधलेली. मी नुसती हसले आणि पुढं गेले. घरी येऊन अर्धा तास आरशासमोर बसले. स्वतःचाच राग येत होता.

आत्या: म्हणून पेटी हवी.

भाची: म्हणून नाही! आत्या, हे बरोबर नाही हं. खुली सभा बंद झाली तेव्हा तू आठवडाभर कुणाशी बोलली नव्हतीस. म्हणायचीस, लोकांच्या हातातलं काढून घेतलं. आता मी त्यांच्या हातात परत देतेय, तर तू मलाच उलटतपासणीला उभं करतेस.

आत्या: विचार म्हणाले होते मी. ढकलून दे नव्हते म्हणाले.

मिस्त्री: जरा दमानं घ्या, बाई. पोरगी उपाशी आहे. आणि पेटीला एवढं टाकून बोलू नका. पेटी इथं पहिल्यांदा कुणी आणली ते सांगा तिला.

भाची: कुणी आणली?

मिस्त्री: सांगा ना.

आत्या: मी.

भाची: तू? पेटी?

आत्या: तू जन्मली नव्हतीस. गिरणीचं घाण पाणी नदीत सोडायला परवानगी द्यायची की नाही, असा प्रश्न होता. गिरणीचे मालक पहिल्या रांगेत येऊन बसले. त्यांचे कामगार मागं. विरुद्ध कोण, असं विचारलं आणि मागं हातांचं रान उठलं. तेव्हा मालकांनी मान वळवून मागं पाहिलं. बोलले काही नाहीत, नुसतं पाहिलं.

मिस्त्री: चष्मा काढून, पुसून, परत लावला. माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

आत्या: बघता बघता चाळीसेक हात खाली आले. काही अर्ध्यावरच राहिले, कानापाशी, केस सावरतोय असं दाखवत. आणि नियम असा, की कोपर सरळ असेल तर हात मोजायचा, नाहीतर नाही. मी नियम पाळला. परवानगी मिळाली. पुढची सहा वर्षं नदीत कुणी पाय घातला नाही. नंतरच्या सभेत मीच उठून मागणी केली, की ज्यात माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे ते मत चिठ्ठीनं घ्या.

भाची: मग पेटीत वाईट काय आहे?

आत्या: पेटी वाईट नाही. आडोसा कुणाला लागतो ते बघायचं. त्या कामगारांना लागत होता, मालक डोळे लावून बसलेला. गावाला मत विचारायचं तर गावाला आडोसा दे, बिनघोर दे. पण तुला कशाला हवा? तुला तर त्यांनी उजेडात उभं राहायलाच निवडलंय.

मिस्त्री: रडतेस का काय?

भाची: नाही. धूळ आहे इथं.

मिस्त्री: आहे खरी. हे बाक पंचवीस वर्षांत हललं नव्हतं. बस त्याच्यावर, अजून तीन पेच शाबूत आहेत. मी एक सांगू का? मला राजकारणातलं कळत नाही.

आत्या: मिस्त्री, सांगायलाच हवं असं नाही.

मिस्त्री: सांगतो. पोरीला माहीत असलेलं बरं. तुझी आत्या सभेचं सांगायला लागली की वाटतं, स्वर्गच होता इथं. नव्हता. नदीकाठी ते रिकामं गोदाम होतं, आठवतं? आता पाडलं ते. सव्वीस वर्षांपूर्वी एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. म्हणाल्या, मला ते द्या, फुप्फुसाच्या रोग्यांसाठी तिथं वीस खाटांचा दवाखाना काढते. मोठ्या खिडक्या आहेत, वारा आहे, नदी आहे. पैसे मागत नव्हत्या. फक्त गावानं हो म्हणायचं होतं.

भाची: आणि?

मिस्त्री: घाबरलो आम्ही. रोग गावात येईल, हवेत पसरेल, पोरांना होईल. डॉक्टरीणबाईंनी तासभर समजावलं. बिचारीचा आवाज बसला. मी कामावरून उशिरा आलो होतो, दारातच उभा होतो. विरुद्ध कोण म्हटल्यावर हात वर केला. पुरता. कोपर सरळ.

आत्या: दोनशे तीन विरुद्ध एक्केचाळीस.

मिस्त्री: दोनशे तिनांतला मी एक. आणि दोन वर्षांनी तुझ्या काकूला तोच आजार निघाला.

भाची: काकू त्यानं गेल्या हे माहीत होतं. पण हे...

मिस्त्री: दवाखाना होता तो रेल्वेनं सात तासांवर. अकरा महिने होती तिथं. हातावरचं काम सोडून मला चारदाच जाता आलं. पाचव्यांदा गेलो तो आणायला. गोदाम घरापासून दहा मिनिटांवर होतं, पोरी. रोज संध्याकाळी जाऊन बसलो असतो.

भाची: काका...

मिस्त्री: त्यानंतर मी या सभागृहात पाय नाही टाकला. बाकं दुरुस्त करायलाही दुसऱ्या माणसाला पाठवायचो. आता मोडायची आहेत म्हणून आलो. पण तुला सांगायचं ते वेगळंच आहे. मी तेव्हा चिठ्ठी टाकली असती ना, तर आज म्हणालो असतो, गावानं केलं. लोकांनी केलं. तसं म्हणायची सोय मला नाही. मी केलं. हात माझा होता, शेजारच्यानं पाहिला, हिनं मोजला. चूक झाली, पण ती कुणाची झाली ते मला ठाऊक आहे.

भाची: मग हे चांगलं की वाईट?

मिस्त्री: ते मला नाही सांगता येणार. मी सुतार माणूस.

भाची: आत्या, बैठक परवा अकराला. उद्याची संध्याकाळ आहे माझ्याकडे. पाचला शाळेच्या पटांगणात सगळ्यांना बोलावलं तर? पालक, शेजारी, जो येईल तो. माझं मत बदललंय हे मीच त्यांना सांगते. अहवाल वाचते. मग हात वर करायला सांगते.

आत्या: अशा सभेला आता कायद्यात जागा नाही. ते हात मोजले काय नि न मोजले काय. अकरा जणांवर त्याचं बंधन नाही.

भाची: माहीत आहे. पण मी तो आकडा बैठकीत वाचून दाखवू शकते ना?

आत्या: आणि गावानं नाही म्हटलं तर?

भाची: तर आकडा वाचीन, आणि तरीही मत रिकामी करण्याच्या बाजूनंच देईन. त्यांना तेही आधीच सांगेन. पुढच्या निवडणुकीत पाडलं तर पाडलं.

आत्या: शिव्या खाशील.

भाची: खाईन. मोजायला तू येशील?

आत्या: आधी घरी चल. दोन घास खा, मग बोलू. मिस्त्री, तुम्ही याल उद्या?

मिस्त्री: नाही, बाई. माझं ते झालं. काय झालं ते परवा सांगा.

(गुरुवारची दुपार. तेच सभागृह. दोन बाकं सोडून सगळी बाकं भिंतीला उभी केलेली.)

मिस्त्री: आलात. सकाळपासून वाट बघतोय. गावात जो तो वेगळंच सांगतोय. एक म्हणतो मारामारी झाली, एक म्हणतो गवंडी रडला. काय झालं ते तुमच्याकडूनच ऐकायचं म्हणून मी कान बंद करून बसलोय.

आत्या: टेकू तरी द्या. कालपासून पाय बोलतायत. मारामारी नाही झाली. गवंडी... सांगते. आधी माणसं ऐका. एकशे पंच्याहत्तर. मला वाटलं होतं चाळीस येतील.

मिस्त्री: एका दिवसाच्या निरोपावर?

आत्या: मुलांनीच सायकलवरून निरोप फिरवले. पाचच्या आधीच पटांगण भरलं. बेकरीवाल्याचा मुलगा आला होता, मिस्त्री. भुवयांवर पीठ. मला क्षणभर कळेना मी कुठल्या सालात आहे.

मिस्त्री: पोरगी बोलली?

आत्या: पायरीवर उभी राहिली. कागद हातात होता, तो घडी घालून खिशात टाकला. म्हणाली, शाळा हलू देणार नाही असं मी तुम्हाला सांगितलं होतं. आज मी सांगायला आलेय की हलवावी लागेल. आणि मी हे आधी तुम्हाला सांगतेय, बैठकीत नंतर.

मिस्त्री: मग उठले असतील सगळे.

आत्या: उठले! काय काय बोलले ते नाही सांगत. खोटारडी हा त्यातल्या त्यात सौम्य शब्द. एक आई म्हणाली, माझ्या मुलाला रोज पुलापर्यंत कोण सोडणार, तू? मग गवंडी पुढं आला. म्हणाला, इंजिनिअर कालचा पोरगा आहे. माझ्या बापानं ओळंबा लावून बांधलेली भिंत आहे ती. कलली कशी म्हणतेस?

मिस्त्री: आवाज केवढा आहे त्याचा.

आत्या: टेकडीखाली ऐकू गेला असेल. पण पोरगी म्हणाली, काका, मी सांगून तुम्हाला पटणार नाही. भिंत इथंच आहे. ओळंबा तुमच्या खिशात असतोच. चला, लावून बघू.

मिस्त्री: वा!

आत्या: सगळी सभा उठून शाळेच्या मागं गेली, मिस्त्री. एकशे पंच्याहत्तर माणसं, म्हातारे काठ्या टेकत. भिंतीपासून लांब, गवतात उभे राहिलो. गवंडी एकटा शिडीवर चढला. वर भिंतीत खिळा ठोकून दोरा अडकवला आणि ओळंबा खाली सोडला.

मिस्त्री: किती सुटला?

आत्या: खाली चार बोटं. नंतर शिडीवरून उतरून त्यानं स्वतःची चार बोटं त्या फटीत घातली. अंगठा आत जातो का तेही पाहिलं. गेला. मग पायाशी ओणवा झाला, थोडी माती उकरली. हात ओला बाहेर आला.

मिस्त्री: चार बोटं म्हणजे फार झालं. काय म्हणाला?

आत्या: आधी दोरा गुंडाळत राहिला. मग म्हणाला, भिंत चांगली आहे. पाण्यानं पाया खाल्लाय. भिंतीची चूक नाही. हे दोनदा म्हणाला.

मिस्त्री: बापाची आहे ना.

आत्या: पटांगणात परत आलो. रिकामी करायच्या बाजूनं कोण, असं पोरीनं विचारलं. पहिला हात त्याचा. मी मोजत त्याच्यापाशी पोचले तर हळूच विचारतो, बाई, माझा धरलात ना? डोळे भरलेले. म्हटलं, धरला. एकशे एकतीस बाजूनं, अडतीस विरुद्ध.

मिस्त्री: एकशे एकोणसत्तरच झाले. सहा कुठं गेले?

आत्या: पाच जणांनी कुठंच हात वर केला नाही. सहावी मी. मोजणाऱ्याला मत नसतं. एकतीस वर्षांत नव्हतं, काल नवं कसं येईल?

भाची: आत्या, काका, झालं! सांगू?

मिस्त्री: आधी श्वास घे.

भाची: सात विरुद्ध चार. शाळा रिकामी होणार. आणि पालकांनी काल जी मागणी केली होती, की नवी इमारत टेकडीवरच बांधा, ती पडली. पाच विरुद्ध सहा.

आत्या: एका मतानं.

भाची: एका मतानं. मी कालचा आकडा वाचायला लागले तर अध्यक्ष म्हणाले, या हातांना नियमात जागा नाही. मी म्हटलं, नसेल. पण ती माणसं आहेत, आणि मी त्यांच्यातून आलेय. वाचू द्या. त्यांनी वाचू दिलं. कार्यवृत्तात नोंद घ्या म्हटलं, तर लेखनिकानं वर पाहिलं आणि लिहून घेतलं.

आत्या: लिहून घेतलं ना? मग राहील ते.

मिस्त्री: आणि बाहेर लोक काय म्हणाले?

भाची: कालची ती आई दारात उभी होती. अजून रागात आहे. म्हणाली, मत तुला परत देईन असं समजू नकोस. मग म्हणाली, नव्या इमारतीचं तीन महिन्यांनी परत निघेल ना, तेव्हा आधी पटांगणात ये. आम्ही असू. काका, मला कळेना हसू की रडू. आत्ता तिच्याकडेच चाललेय. पुलापर्यंत मुलांना आळीपाळीनं कोण सोडेल, त्याची यादी करायचीय. आत्या, संध्याकाळी येते.

आत्या: ये. आणि यादीत माझंही नाव घाल. मंगळवार दे.

मिस्त्री: गेली बघा वाऱ्यासारखी.

आत्या: तिच्या वयात मी अशी नव्हते. मी रांगांमधून फिरायची, ती समोर उभी राहते.

मिस्त्री: बाई, तुम्ही गवंड्याचं सांगत होतात तेव्हा एक मनात आलं. त्याला वेळेवर भिंत बघायला मिळाली. आम्हाला त्या दिवशी कुणी गोदामापर्यंत नेलं असतं तर? नुसतं पाच मिनिटं. त्या खिडक्या बघितल्या असत्या.

आत्या: कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

मिस्त्री: त्या गर्दीत बायको कुठं होती ते मला दिसलं नाही, आणि तिचा हात कुठं होता ते मी कधी विचारलं नाही. आम्ही दोघं घरी आलो, जेवलो, झोपलो. पण मला माहीत होतं, ती एक्केचाळिसांतली. मुंगीसुद्धा ओलांडून जाणारी बाई. नंतर आजारात माझ्याकडे बघत पडून राहायची, तेव्हा वाटायचं, हिच्या मनात तेच आहे. हिनं हो म्हटलं होतं नि मी नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. एकदाही बोलली नाही.

आत्या: मिस्त्री.

मिस्त्री: हं.

आत्या: एकतीस वर्षांत मी कधी आकड्यापलीकडे काही सांगितलं नाही. कुणाचा हात कुठं होता, ते घरीसुद्धा नाही. भावालाही नाही.

मिस्त्री: माहीत आहे. म्हणून तर मी कधी विचारलं नाही तुम्हाला.

आत्या: ती एक्केचाळिसांत नव्हती.

मिस्त्री: काय म्हणता?

आत्या: दोनशे तिनांत होती. तिच्याजवळून गेले तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, खाली बघत होती. पण हात पुरता वर होता. तुम्हाला बोलली नाही, कारण तिलाही वाटलं असेल की तुम्ही हो म्हटलंत. तुम्ही मागं दारात होतात. तिला दिसला नसणार तुमचा हात. आधी सांगायला हवं होतं का, ते मला अजून कळत नाही. पाणी देऊ?

मिस्त्री: नको. कुठं बसली होती ती?

आत्या: तिसऱ्या रांगेत. कडेला, खिडकीपाशी.

मिस्त्री: हो. खिडकी लागायचीच तिला.